सर जमशेटजी जीजीभाई आणि लेडी अवाबाई : माहीमची खाडी जोडणारे दानशूर दांपत्य

आपल्या धर्मपरंपरेत सत्कर्माचे दोन प्रकार सांगितले आहेत. यज्ञयाग, पूजाअर्चा, जपतप ही 'इष्ट' कर्मे होत. विहिरी खोदणे, तळी बांधणे, नदीला घाट व पायऱ्या करणे, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारणे, अन्नछत्र चालविणे ही 'पूर्त' कर्मे होत. इष्ट कर्माचे फळ मुख्यतः करणाऱ्याला मिळते. पूर्त कर्माचा लाभ मात्र वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला होतो. त्याची जात, धर्म वा गाव कोणीही विचारत नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी महेश्वरपासून काशीपर्यंत बांधलेले घाट हे पूर्त कर्माचे थोर उदाहरण होय.

मुंबईच्या उपनगरांतील भाविकांच्या नित्य वाटेवरही असेच एक पूर्त कर्म उभे आहे. बोरिवली, अंधेरी, विलेपार्ले या भागांतून श्रीसिद्धिविनायकाच्या किंवा श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनास रस्त्याने निघालेला भाविक वांद्रे ओलांडून माहीमला येतो, तेव्हा तो खाडीवरील एका जुन्या बांधावरून जात असतो. माहीमच्या ज्या रस्त्याला लोक एल. जे. रोड म्हणतात, त्याचे पूर्ण नाव लेडी जमशेटजी मार्ग असे आहे. हा बांध ज्यांच्या दानातून उभा राहिला त्या लेडी अवाबाई आणि त्यांचे पती सर जमशेटजी जीजीभाई यांचे चरित्र प्रत्येक भाविकाने व दात्याने जाणून घ्यावे असे आहे.

जन्म व बालपण

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. घराणे मूळचे गुजरातमधील नवसारीचे. घरची स्थिती बेताचीच होती. शालेय शिक्षण असे फारसे झाले नाही. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघांचेही छत्र हरपले आणि या पोरक्या मुलाला मुंबईस मामा फ्रामजी नसरवानजी यांचा आश्रय मिळाला. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्या विकत घेऊन विकण्याचा होता, म्हणून त्यांना बाटलीवाला म्हणत. जमशेटजींनीही या दुकानात पडेल ते काम केले. हिशेब ठेवण्यापुरते लिहिणे व थोडेफार इंग्रजी त्यांनी काम करता करता आत्मसात केले.

पुढे १८०३ साली मामांची कन्या अवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे अवाबाई तेव्हा वयाने लहान होत्या. या दोघांचा संसार पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सुखाने चालला.

समुद्राने घेतलेली परीक्षा

त्या काळी मुंबईचा मोठा व्यापार चीनशी चाले. जमशेटजींनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. शिडाच्या जहाजातून महिनोन्‌महिने चालणारा तो प्रवास वादळे, रोगराई आणि युद्ध या तिन्ही संकटांनी भरलेला असे. १८०५ साली ते ज्या 'ब्रन्सविक' नावाच्या जहाजातून प्रवास करीत होते, ते फ्रेंचांनी पकडले. इंग्रज व फ्रेंच यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते. कैदी म्हणून त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप ऑफ गुड होप येथे नेण्यात आले. जवळचा माल गेला, पैसा गेला, परक्या मुलुखात अंगावरच्या कपड्यांनिशी दिवस काढावे लागले. मोठ्या हालअपेष्टा सोसून ते दुसऱ्या जहाजाने कोलकात्यास आणि तेथून मुंबईस परतले.

याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाच्या तरुण स्कॉटिश वैद्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे जार्डिन हा चीनच्या व्यापारातील बडा व्यापारी झाला आणि दोघांचा व्यापारी संबंध अनेक वर्षे टिकला. जमशेटजींनी मुंबईत स्वतःची पेढी काढली. तिच्यात जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, कोकणी मुस्लीम व्यापारी महंमद अली रोगे आणि गोमंतकीय ख्रिस्ती व्यापारी रोजेरिओ द फारिया हे त्यांचे सहकारी होते. चार धर्मांची माणसे एका पेढीवर एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवून व्यवहार करीत, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईचे वैशिष्ट्य दाखविते.

या व्यापारात कापसाबरोबर अफूचाही मोठा वाटा होता, हे सत्य चरित्रात लपविण्याचे कारण नाही. तेव्हा तो व्यापार कंपनी सरकारच्या कायद्याने मान्य होता. परंतु त्यामुळे चीनमधील असंख्य घरांची धूळधाण झाली, हे आज सर्वांना ज्ञात आहे. जमशेटजींचे मोठेपण सांगताना ही बाजूही ध्यानात ठेवावी लागते. मिळविलेल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यांनी समाजाला परत दिला, हेही तितकेच खरे आहे.

दानाचा आरंभ

१८२२ साली मुंबईच्या तुरुंगात कर्ज न फेडता आल्यामुळे खितपत पडलेल्या गरीब ऋणकोंचे कर्ज जमशेटजींनी स्वतः फेडले आणि त्यांची सुटका करविली. त्यांच्या मोठ्या सार्वजनिक दानाचा येथून आरंभ झाला असे मानतात.

१८३४ साली त्यांनी व जैन व्यापारी बंधूंनी मिळून भुलेश्वर परिसरात पांजरापोळ स्थापन केली. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमावरून त्याआधी दोन वर्षे शहरात मोठा असंतोष झाला होता. वृद्ध गाई-बैल आणि निराधार प्राणी यांना या पांजरापोळीत हक्काचे ठिकाण मिळाले. ही संस्था आजही तेथे आहे.

गोरगरिबांच्या गाईगुरांविषयी त्यांच्या कळवळ्याची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. किल्ल्याबाहेरच्या मैदानावर गुरे चारण्यास सरकारने शुल्क बसविले, तेव्हा ज्यांना ते परवडत नव्हते त्यांची जनावरे उपाशी राहू लागली. जमशेटजींनी ठाकूरद्वारजवळ सुमारे २०,००० रुपये खर्चून गवताळ जमीन विकत घेतली आणि तेथे गुरांना विनामूल्य चरू दिले. चर्नी रोड हे नाव या चरणीवरूनच पडले असे मानले जाते. शुल्कापायी कोणाची वाट अडू नये, हा विचार येथे प्रथम दिसतो. माहीमच्या बांधाच्या वेळी तोच अधिक मोठ्या रूपाने प्रकट झाला.

मुंबई आणि साष्टी

आजच्या भाविकास मुंबई व उपनगरे एकच वाटतात. दोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. मुंबई हा सात लहान बेटांचा समूह होता आणि माहीमच्या खाडीपलीकडे साष्टी हे वेगळे, मोठे बेट होते. आजची वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी वस्ती त्या साष्टी बेटावरची. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून जिंकली आणि १७७४ साली ती इंग्रजांच्या हाती गेली.

बेटे जोडण्याचे काम सोपे नव्हते. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बुजविण्यासाठी गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात बांध घालण्यात आला. बांध वारंवार वाहून जाई. अखेर रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्नात देवीचा दृष्टांत झाला, समुद्रातून मूर्ती वर काढून त्यांची स्थापना केल्यावर बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना ती ठाऊक असते. समुद्राला बांध घालणे किती कठीण मानले जाई, हेही या आख्यायिकेवरून कळते.

पुढे गव्हर्नर डंकन यांच्या कारकिर्दीत, १८०५ पर्यंत, शीव व कुर्ला यांमध्ये बांधरस्ता झाला. त्यामुळे पूर्वेकडील कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या बाजूची वाट मोकळी झाली. पश्चिमेकडे मात्र माहीम ते वांद्रे ही वाट होडीनेच ओलांडावी लागे. भाजी, दूध, मासळी, भात घेऊन येणारे शेतकरी व कोळी, माहीमच्या दर्ग्यास किंवा वांद्र्याच्या मोत माउलीस जाणारे यात्रेकरू, आजारी माणसास वैद्याकडे नेणारे नातेवाईक या सर्वांना नावेची वाट पाहावी लागे. खाडीच्या तोंडाशी प्रवाह जोराचा. पावसाळ्यात वारा आणि उधाण एकत्र आले की होड्या उलटत, माणसे व माल बुडत. खाडीचे पात्र फार रुंद नसले तरी अशा दिवसांत ते ओलांडणे जिवावरचे काम होई.

माहीमचा बांध

या ठिकाणी बांधरस्ता व्हावा अशी मागणी होऊ लागली. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यासाठी पैसा देण्यास नकार दिला. तेव्हा लेडी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी या कामासाठी जी रक्कम दिली ती दीड लाख रुपयांहून अधिक होती. वर उल्लेखिलेल्या चरणीच्या जमिनीस जेवढा खर्च आला, त्याच्या सातपटींहून ही रक्कम मोठी होती. १८४० च्या दशकाच्या आरंभी काम हाती घेण्यात आले आणि १८४५ साली ते पूर्णत्वास गेले.

असा बांध घालणे म्हणजे केवळ दगडमातीची रास ओतणे नव्हे. खाडीचा तळ गाळाचा असतो. त्यावर टाकलेला भराव आधी खाली दबतो, मग स्थिरावतो. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते, त्यामुळे पायाजवळचे काम ओहोटीच्या थोड्या तासांतच उरकावे लागते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण कच्चे काम धुऊन नेते. पावसाळ्याचे चार महिने तर समुद्रापुढे कोणाचेच चालत नाही. बांधाच्या दोन्ही अंगांना भक्कम दगडी भिंत हवी. नाहीतर लाटा आतील माती ओढून नेतात आणि वरचा रस्ता खचतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याला वाट ठेवणे. विहार व पवईच्या बाजूने येणारी मिठी नदी माहीमच्या खाडीतच समुद्रास मिळते. बांध सलग घातला तर पावसाचे पाणी आत तुंबेल आणि भरतीचे पाणी बांध फोडील. म्हणून दोन्ही बाजूंनी भराव आणि प्रवाहाच्या जागी पूल अशी रचना करावी लागते. पाण्याला त्याची वाट दिली, तर पाणीही माणसाच्या वाटेआड येत नाही.

पथकर न घेण्याची अट

अवाबाईंच्या दानाचे खरे तेज त्यांनी घातलेल्या अटीत आहे. त्या काळी पूल व बांधरस्ते यांवर पथकर घेण्याची रीत होती. खर्च करणाऱ्यास तो वसूल करण्याचा हक्क आहे, असे सर्वच मानीत. अवाबाईंनी रक्कम देताना सरकारला अट घातली की या बांधावरून जाणाऱ्या कोणाकडूनही पथकर घेऊ नये.

ही अट नसती तर काय झाले असते, याचा विचार करावा. सधन माणसाची घोडागाडी दोन-चार आणे देऊन पार गेली असती. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येणारी शेतकरीण किंवा मासळीची टोपली घेतलेली कोळीण यांना मात्र रोजच्या तुटपुंज्या मिळकतीतून तो कर भरावा लागला असता. तो परवडला नसता तर त्यांना पुन्हा होडीचीच वाट धरावी लागली असती. बांध उभा राहिला असता, पण ज्यांचे जीव खाडीत जात होते त्यांच्याच उपयोगी तो पडला नसता. देवळाला पायऱ्या बांधून दाराशी कुलूप लावावे, तसेच ते झाले असते. अवाबाईंच्या अटीमुळे ही वाट श्रीमंत व गरीब, हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती व पारशी अशा सर्वांना सारखीच खुली झाली. पावणेदोनशेहून अधिक वर्षे ती तशीच खुली आहे.

इतर लोकोपयोगी कार्ये

माहीमचा बांध पूर्ण झाला त्याच १८४५ साली जमशेटजींच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय सुरू झाले. तेच आजचे सर जे. जे. रुग्णालय. गरीब रुग्णांवर तेथे उपचार होऊ लागले आणि शेजारीच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. चित्रकला व शिल्पकलेच्या शिक्षणासाठी त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पारशी समाजातील गरिबांच्या साहाय्यासाठी व मुलांच्या शिक्षणासाठीही त्यांनी कायमचा निधी ठेवला.

पाण्याशी संबंधित त्यांचे दुसरे मोठे कार्य पुण्याचे. पुणे शहर व छावणी यांच्या पाणीपुरवठ्यासाठी मुळा-मुठा नदीवर येरवड्याजवळ बंधारा बांधण्यात आला. १८५० साली पूर्ण झालेल्या या कामाच्या खर्चाचा मोठा वाटा जमशेटजींनी उचलला. पुणेकर ज्या उद्यानास बंड गार्डन म्हणतात, त्याचे नाव या बंधाऱ्यावरूनच पडले.

नाना शंकरशेट यांच्यासमवेत मुंबईत रेल्वे आणण्याच्या प्रयत्नांतही जमशेटजी अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढे त्याच मार्गावर घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे वाढली. पश्चिमेकडील लोहमार्ग १८६० च्या दशकात खाडी ओलांडून मुंबईत आला. पहिल्याने बांधाने आणि मग लोहमार्गाने साष्टीची खेडी मुंबईशी जोडली गेली.

मानसन्मान व देहावसान

१८४२ साली ब्रिटिश सरकारने जमशेटजींना 'सर' हा किताब दिला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १८५७ साली त्यांना वंशपरंपरेने चालणारा बॅरोनेट हा किताब मिळाला, तोही भारतीयांत प्रथमच. पतीच्या किताबामुळे अवाबाई 'लेडी जमशेटजी' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि याच नावाने त्या माहीमच्या रस्त्यावर अमर झाल्या. एप्रिल १८५९ मध्ये वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी जमशेटजींचे देहावसान झाले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.

आजचा बांध व आपले कर्तव्य

माहीमच्या बांधावर आज अहोरात्र वाहनांची रांग असते. काळाच्या ओघात रस्ता रुंद झाला, त्याची वेळोवेळी दुरुस्ती झाली. २००९ साली जवळच वांद्रे–वरळी सागरी सेतू खुला झाला. त्यावर जाण्यास पथकर द्यावा लागतो. अवाबाईंच्या वाटेवर मात्र आजही तो नाही.

समुद्रकाठचे कोणतेही बांधकाम एकदा करून भागत नाही. खारे वारे सांधे पोखरतात, लाटा पायाचे दगड हलवितात, गाळ साचून प्रवाहाची वाट अरुंद होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पाणी वस्तीत शिरले आणि उपनगरांत फार मोठी प्राणहानी झाली. नदीच्या काठावरील भराव, अतिक्रमणे व पात्रात टाकलेला कचरा यांमुळे पाण्याची वाट कोंडली गेली होती, हे त्यानंतर सर्वांना कळून आले. पूर्वजांनी बांध घालताना पाण्यासाठी जी वाट ठेवली, ती मोकळी राखणे हे आता नागरिकांच्या हाती आहे. खाडीत निर्माल्य, प्लास्टिक पिशव्या वा मूर्तींचे अवशेष टाकण्याने पुण्य लाभत नाही. भाविकांनी निर्माल्य त्यासाठी ठेवलेल्या कलशातच अर्पण करावे.

दात्यांनीही या चरित्रातून बोध घ्यावा. नवे बांधण्यास देणगी देणारे पुष्कळ असतात, कारण तेथे नामफलक लागतो. गळके छप्पर, खचलेली पायरी, तळ्याची ढासळलेली भिंत यांच्या दुरुस्तीसाठी देणारे थोडे. आपल्या शास्त्रांनी जीर्णोद्धाराचे पुण्य नवनिर्माणाहून कमी मानलेले नाही. दान देताना त्याचा लाभ शेवटच्या, सर्वांत दुबळ्या माणसापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करणे हे दात्याचेच काम आहे. अवाबाईंनी ती व्यवस्था एका अटीने केली.

लेडी अवाबाई व सर जमशेटजी हे अग्निपूजक पारशी धर्माचे होते. त्यांनी बांधलेल्या वाटेने आज लक्षावधी भाविक श्रींच्या दर्शनास जातात. मंगळवारी पहाटे किंवा नवरात्रात माहीमची खाडी ओलांडताना भाविकांनी या दांपत्याचे क्षणभर कृतज्ञतेने स्मरण करावे. सर्वांच्या हातून असेच लोकोपयोगी कार्य घडो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.